बाग राखणार कोण?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवडणाऱ्या भाड्याच्या घरांशेजारी बाग करायची म्हणून तू लिहिलेल्या अनुदानाच्या अर्जाचा मसुदा मिळाला. नकाशा, अंदाजपत्रक, फोटो, सगळं नीट वाचलं. मेहनत पानोपानी दिसते, पण आहे तसा पाठवू नकोस. दुसऱ्या कुणाचा असता तर 'छान झालाय' म्हणून मोकळा झालो असतो. तुझा आहे म्हणून खरं लिहितोय.

झोपाळे, घसरगुंडी, कारंजं आणि ती कमान यांवर तू पानंच्या पानं खर्ची घातली आहेस. देखभालीवर मात्र एकच ओळ आहे: 'उद्यानाची देखभाल स्थानिक नागरिकांच्या सहकार्याने केली जाईल.' छाननीच्या टेबलाशी मीही काही काळ बसलोय. तिथे या वाक्याचा अर्थ 'कुणीही करणार नाही' असाच घेतात. बाग बांधायला पैसे मिळतात, कारण तिथे फीत कापता येते. पुढे गवत कापायला, तुटलेली साखळी बदलायला, दिव्याचं बिल भरायला सहसा कुणी अनुदान देत नाही. तुमच्या शेजारच्या त्या इमारतींमधल्या लोकांकडून वर्गणी काढू म्हणशील, तर ज्यांना घरभाडं परवडावं म्हणून ती घरं बांधली त्यांच्याच खिशात पुन्हा हात घालण्यासारखं आहे. तेव्हा अर्ज शेवटाकडून लिहायला घे. बाग कोण राखणार, कशातून राखणार, ते आधी. बाकीचं त्यावर बेतायचं.

राखण्याचं महत्त्व पटवायला एक पुरावा देतो, तो वापर. अमेरिकेत फिलाडेल्फियात 541 ओसाड भूखंड घेऊन प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एका गटात कचरा काढून जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि गवत नियमाने कापत राहिले. दुसऱ्या गटात फक्त कचरा उचलला. तिसऱ्याला हात लावला नाही. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आले. हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये, मन खचल्यासारखं वाटतं असं सांगणाऱ्यांचं प्रमाण हात न लावलेल्या गटाच्या तुलनेत 41.5 टक्क्यांनी घटलं. गरीब वस्त्यांत घट आणखी मोठी होती. नुसता कचरा उचललेल्या जागांभोवती मात्र ठोस म्हणावा असा फरक पडला नाही. कारंजं नाही, कमान नाही. गवत, चार झाडं आणि ती राखणारा माणूस, एवढ्यावर हे झालं.

म्हणून कारंजं काढून टाक. पंप बिघडला की त्यात पाणी साचणार, डास होणार आणि वर्षभरात त्याची कचराकुंडी होणार. आम्स्टरडॅममध्ये आल्डो व्हान आइक या वास्तुरचनाकाराने 1947 पासून पुढच्या तीसेक वर्षांत सातशेच्या वर खेळाच्या जागा आखल्या. युद्धानंतर शहराची तिजोरी रिकामी होती, घरं दाटीची होती आणि जागा म्हणजे दोन इमारतींमधली फट किंवा रस्त्याचा कोपरा. त्याने काय दिलं? काँक्रीटच्या जाड कडेचा वाळूचा हौद, उड्या मारायला काँक्रीटचे गोल ठोकळे, लोंबकळायला वाकवलेल्या लोखंडी नळ्या आणि कडेला बाक. मोडण्यासारखं फारसं काही नाहीच. हौदाची कड बसायलाही चालायची, म्हणजे पोर वाळूत आणि आई काठावर. शेजारच्या भागात अशी जागा झालेली पाहून लोक पालिकेला पत्रं लिहायचे, 'आमच्याकडेही करा'. तुझ्या अंदाजपत्रकातली ती परदेशी बनावटीची खेळणी वगळून असा विचार करून बघ. सुटा भाग वेळेवर मिळत नाही म्हणून दोरीने बांधून ठेवलेला झोपाळा तूही पाहिला असशील.

आता गरज कशी मांडायची ते. 'परिसराचा सर्वांगीण विकास होईल' हे वाक्य मी खोडलंय, रागावू नकोस. त्याऐवजी आकडे दे: चालत दहा मिनिटांत किती घरं येतात, त्यात मुलं किती, म्हातारी माणसं किती आणि आज त्यांच्या वाट्याला मोकळी जागा किती. कॅलिफोर्नियात वस्तीतल्या बागांसाठी एक योजना आहे. तिच्यात जागेभोवती अर्धा मैल, म्हणजे साधारण आठशे मीटरचं वर्तुळ काढतात आणि हजार माणसांमागे तीन एकरांहून कमी बाग असेल तर ती वस्ती वंचित धरतात. तू तसंच वर्तुळ काढ. पण रस्ता कुठून ओलांडावा लागतो तेही दाखव. तुमची सर्वांत जवळची बाग नकाशावर जवळ दिसते खरी, पण मध्ये सहापदरी रस्ता आहे, आणि आठ वर्षांचं पोर तो एकट्याने ओलांडत नाही.

त्याच राज्यात घरं आणि बाग थेट एकमेकांना बांधणारी आणखी एक योजना होती. 2006 मध्ये मतदारांनी घरबांधणीसाठी कर्जरोखे मंजूर केले, त्यातले 20 कोटी डॉलर अशा बागांसाठी राखून ठेवले होते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी जी शहरं घरं बांधू देतील त्यांना बागेचे पैसे, आणि तेही घरांतल्या शयनकक्षांच्या संख्येवर. मला हा हिशोब फार आवडतो. शयनकक्ष वाढले म्हणजे मुलं वाढली, मुलं वाढली म्हणजे मैदान लागणार. शिवाय 'ती घरं आमच्या शेजारी नकोत' म्हणणाऱ्यांनाही त्यातून काहीतरी मिळतं. तुमच्या निधीवाल्यांचा असा नियम नसला तरी इमारतीगणिक शयनकक्षांचा तक्ता जोड. छाननी करणाऱ्याला कुटुंबं डोळ्यांसमोर दिसतील.

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी आधी विचारून घे: आपला हिस्सा किती घालावा लागेल आणि पैसे आधी मिळतात की खर्च करून मागायचे. अमेरिकेतला 1965 पासूनचा जमीन आणि जलसंवर्धन निधी राज्यांमार्फत बागा-मैदानांचा निम्म्यापर्यंत खर्च देतो, तोही बहुधा काम करून बिलं सादर केल्यावर. लहान संस्था मंजुरी मिळूनही इथेच अडकतात. ठेकेदार दारात उभा आणि हप्ता यायचाय. दिलेली जमीन किंवा श्रम हिश्श्यात धरतात का, तेही विचार. जागेचं मात्र आजच बघ. त्या अमेरिकी निधीतून झालेली जागा कायम लोकांच्या खेळा-विरंगुळ्यासाठीच ठेवावी लागते. दुसरं काही करायचं तर तोडीची जागा देऊन परवानगी घ्यावी लागते. तुमचा भाडेपट्टा किती वर्षांचा ते मला मसुद्यात सापडलंच नाही.

आणि एक नाजूक मुद्दा, जो तुमच्या बैठकीत कुणी काढणार नाही. बाग झाली की आजूबाजूचे भाव चढतात. न्यूयॉर्कची हाय लाइन 2009 मध्ये खुली झाली. जुन्या रेल्वेच्या उंच रुळांवरची बाग, जगभरातून लोक बघायला येतात. भोवती महागडे टॉवर उठले, पण लगतच्या सार्वजनिक घरांतल्या लोकांसाठी आपण पुरेसं केलं नाही, हे तिच्या संस्थापकांपैकी एकाने पुढे उघडपणे मान्य केलं. वॉशिंग्टन शहरात नदीवरच्या जुन्या पुलाच्या खांबांवर बाग करायची 'अकराव्या रस्त्याची पूल-बाग' ही योजना आहे, तिच्या लोकांनी ते बघून क्रम उलटा केला. बांधकामाच्या कितीतरी आधी रहिवाशांसाठी घरं, रोजगार आणि छोट्या धंद्यांचा आराखडा केला आणि जमीन समाजाच्या मालकीत ठेवणारा न्यास उभा राहायला मदत केली. तुमच्या इमारतींचं भाडं कमी ठेवायचं बंधन किती वर्षांचं आहे ते शोधून अर्जात लिही. मुदत संपत आली असेल तर ते आत्ताच उघड होऊ दे. बाग तयार व्हायची आणि ज्यांच्या नावाने मागितली ती माणसं निघून गेलेली असायची, यात काय अर्थ?

देखभालीचा मार्ग मला असा दिसतो: पालिकेकडून माळी आणि पाणी यांचा लेखी ठराव, घरं चालवणाऱ्या संस्थेच्या वार्षिक खर्चात दुरुस्तीची ठरलेली तरतूद आणि रहिवाशांकडे फक्त डोळस लक्ष ठेवणं, तेही तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव-नंबर ठरवून. ठराव व्हायला सर्वांत वेळ लागतो, म्हणून बाकी पानं राहू देत, त्याच्या मागे आधी लाग. सुधारलेला देखभालीचा भाग तेवढा आधी पाठव, मी रात्रीत वाचून परत करतो.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझाच

ता.क. फोटो सगळे सकाळचे, रिकाम्या जागेचे आहेत. संध्याकाळी जा. गाड्यांच्या मधे मुलं खेळतात म्हणालास, त्याचा फोटो घे, पण पालकांना विचारून आणि चेहरे ओळखू येणार नाहीत असा.