फोटो तरी बरोबर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या गाड्यांवरचा लेख वाचला. प्रीमियर आणि फ्रेंच प्यूजो यांच्या कल्याणच्या भागीदारी कारखान्यातून निघालेल्या प्यूजो ३०९ गाडीला आपण साडेचार ओळी दिल्यात, आभारी आहे. पण सोबतचा फोटो प्यूजोच्याच २०६ चा आहे. ती आली १९९८ साली, आणि कल्याणचा संसार १९९७ मध्येच मोडला होता. शिवाय ‘प्यूजॉट’ नव्हे हो, ‘प्यूजो’. हे तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक होते.

‘ग्राहकांनी पाठ फिरवल्याने गाडी बंद पडली’ हे वाक्य मात्र झोंबले. म्हणजे दोष आमचा! आमच्या बिल्डिंगमधले दोघे त्या कारखान्यात होते. संपात ते घरी बसलेले मी पाहिले आहेत. त्यात प्रीमियरने इकडे प्यूजो, तिकडे फियाट असे दोन दोन घरोबे केले. फ्रेंच मंडळी कंटाळून निघून गेली. ग्राहक कुठे आला यात?

माझी ९५ सालची डिझेल, १५२७ सीसी. चार माणसे आणि गच्च डिकी घेऊन कसारा घाट कुरकुर न करता चढायची. हाल झाले ते कंपनी गेल्यावर. १९९९ मध्ये एका रिक्षाने मागचा डावा दिवा फोडला. ठाण्यातल्या एका गॅरेजवाल्याने ‘साहेब, पंधरा दिवसांत आणतो’ म्हणत आठशे रुपये आगाऊ घेतले. पाच महिने गेले. तोवर मी दिव्यावर पतंगाचा लाल कागद चिकटवून फिरत होतो. पहिल्याच पावसात रंग बंपरवर ओघळला, तर शेजारचे काका म्हणाले, ‘गाडीला पान खायला शिकवलंत वाटतं!’ शेवटी कुर्ल्याच्या भंगार बाजारात दिवा मिळाला, तोही उजवा. विकणारा म्हणतो, उलटा करून बसवा. बसवून पाहिला. नाही बसत.

गाडी २००४ मध्ये भंगारात दिली. आठशेची पावती अजून माझ्याकडे आहे. लेखकमहाशयांना ३०९ चा फोटो हवा असल्यास तोही आहे, पतंगाच्या कागदासकट.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)

ता. क. – गेले दोन रविवार शब्दकोड्याचे उत्तर छापलेले नाही. आडवे १४ अजून अडलेलेच आहे.