ग्रीनचे प्रमेय आणि स्नेंटनची पवनचक्की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या गणितात ग्रीनचे प्रमेय (बंद वक्रावरचे संकलन आणि त्याने वेढलेल्या क्षेत्रावरचे संकलन यांचा संबंध सांगणारे) हजारो मराठी मुले दरवर्षी सोडवतात. हा ग्रीन कोण, हे मात्र पाठ्यपुस्तक बहुधा सांगत नाही. मी स्वतः अनेक वर्षे हे प्रमेय शिकवले आणि तो केंब्रिजमधला कुणी प्राध्यापक असावा असे धरून चाललो, याची आज लाज वाटते.

जॉर्ज ग्रीन (१७९३–१८४१) हा दळण दळणारा माणूस होता. शेतकऱ्याच्या घरातून पाव भाजण्याच्या धंद्यात आलेल्या त्याच्या वडिलांनी १८०७ मध्ये नॉटिंगहॅमलगतच्या स्नेंटन या खेड्यात विटांची उंच पवनचक्की बांधली. जॉर्जचे शालेय शिक्षण जेमतेम वर्षभराचे, तेही आठव्या-नवव्या वर्षी. पुढे पाव भाजणे आणि दळण हेच काम. आपल्याकडे त्या काळी दळण पहाटे घरच्या जात्यावर बायका दळत, तिथे ते वाऱ्याच्या हवाली होते. वारा सुटला की अपरात्रीही उठावे लागे. अशा घरातून त्याने १८२८ मध्ये वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावरचा निबंध वर्गणी जमवून छापला; त्याच्या नावाच्या प्रमेयाचे मूळ याच निबंधात आहे. वर्गणीदार होते ५१, आणि त्यांपैकी किती जणांना तो कळला असेल, देव जाणे. पुढच्याच वर्षी वडील वारले आणि चक्की त्याच्याकडे आली. १८३३ मध्ये, चाळिशीत, तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला.

त्याच्या कुटुंबाविषयी तर कोणी बोलतच नाही. चक्कीचे काम पाहणाऱ्या विल्यम स्मिथ यांची मुलगी जेन हिच्यापासून त्याला सात मुले झाली, पण लग्न कधीच झाले नाही. वडिलांचा विरोध होता असे सांगतात, आणि केंब्रिजच्या फेलोला, म्हणजे तिथल्या महाविद्यालयाच्या वेतनधारी सदस्याला, लग्नाची मनाई होती हेही खरे; परंतु वडील गेले १८२९ मध्ये आणि फेलोशिप मिळाली १८३९ मध्ये, तेव्हा मधल्या दहा वर्षांचा उलगडा या दोन कारणांनी होत नाही. फेलोशिपनंतर लवकरच तो आजारी होऊन स्नेंटनला परतला आणि १८४१ मध्ये तिथेच वारला. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या हाती तो निबंध पडला १८४५ मध्ये, आणि त्यांच्याच खटपटीने १८५० पासून तो जर्मनीतील क्रेले यांच्या गणिताच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला. ग्रीनचे एकही चित्र उपलब्ध नाही. चक्की मात्र १९८० च्या दशकात दुरुस्त झाली आणि तिथे पुन्हा पीठ दळले जाते.

पाठ्यपुस्तक मंडळींना विनंती एवढीच, की प्रमेयाशेजारी चार ओळींची चौकट द्यावी आणि तीत चक्कीबरोबर जेन स्मिथ हे नावही असावे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, पुणे