पानांच्या मुकुटाचा दाखला आता पुरे: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

क्रीडा पुरस्कारांच्या व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येते. प्राचीन ग्रीसचे खेळाडू नुसत्या पानांच्या मुकुटासाठी जिवाचे रान करायचे, आणि आजच्या पोरांना आधी आकडा हवा! वक्ता कुठल्याही पक्षाचा असो, वाक्य तेच, टाळ्याही त्याच. मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. शाळेत खो-खो, कबड्डी शिकवत आलो. विनंती अशी की हा दाखला सरकारी भाषणांतून बाद करावा. तो अर्धाच खरा आहे, आणि वगळलेले अर्धे नेमके आपल्या खात्याशी संबंधित आहे.

मुकुट होता, यात वाद नाही. ऑलिंपियात, जिथे प्राचीन ऑलिंपिक भरायचे तिथे, झ्यूस देवाच्या मंदिरामागे रानटी ऑलिव्हचे झाड होते. आईवडील दोघेही हयात असलेला मुलगा सोन्याच्या कोयत्याने त्याच्या डहाळ्या तोडायचा. ग्रीसमधल्या इतर स्पर्धांच्या गावीही असेच: डेल्फीला लॉरेल, म्हणजे आपल्या तमालपत्राच्याच कुळातले झाड. इस्थमियाला पाइन, आणि नेमियाला चक्क रानटी सेलरी. भाजीची जुडी डोक्यावर मिरवणारा मल्ल आपल्याला गमतीचा वाटेल, तिथे कुणी हसत नव्हते. दुसऱ्या क्रमांकाला तर पानसुद्धा नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीसवर चालून आलेल्या पर्शियन छावणीत हे कळले तेव्हा एक सरदार हबकलाच: पैशासाठी नव्हे, मोठेपणासाठी झुंजणाऱ्यांशी लढायला आम्हाला आणलेत होय!

त्या सरदाराला निम्मीच बातमी कळली होती. विजेता गावी परतला की काय व्हायचे ते पाहा. अथेन्सचा कायदेकर्ता सोलन याच्या कायद्यानुसार ऑलिंपिया जिंकणाऱ्या अथेन्सकराला ५०० द्राखमा (चांदीची नाणी) मिळत, इस्थमियासाठी १००. चरित्रकार प्लुटार्कने त्या काळचा भावही नोंदवला आहे: मेंढी एक द्राखमा, बैल पाच. म्हणजे मुकुटामागून शंभर बैलांची किंमत घरी यायची. वर नगरभवनात सरकारी खर्चाने जेवण, तेही आयुष्यभर. या जेवणाचा मान एवढा की इ.स.पू. ३९९ मध्ये खटल्यात दोषी ठरलेल्या तत्त्वज्ञ सॉक्रेटिसला आपल्याला काय मिळावे ते सांगायची वेळ आली, तेव्हा त्याने तेच मागितले. रथांच्या शर्यती जिंकणाऱ्यांना खायची ददात नाही, मला आहे, असे त्याचे म्हणणे. पुढे न्यायालयाने त्याला विषाचा प्याला दिला, ते सर्वांना माहीत आहे.

अथेन्सच्या स्वतःच्या स्पर्धेत पानांचा आडपडदाही नव्हता. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या शिलालेखात बक्षिसांची यादीच आहे: मुलांच्या गटात धावण्याची शर्यत जिंकणाऱ्याला ऑलिव्ह तेलाचे ५० रांजण, दुसऱ्याला १०. एकेका रांजणात चाळीसएक लिटर तेल. शाळकरी वयाच्या पोराला दोन हजार लिटर!

खेळाडूंची पळवापळवीही होती. क्रोटॉन या ग्रीक नगराचा धावपटू अस्टिलोस पुढे सिराक्यूज या दुसऱ्या नगराचा म्हणून उतरला, तर चिडलेल्या क्रोटॉनकरांनी त्याचा पुतळा पाडला आणि घराचा तुरुंग केला. आपले खेळाडू रेल्वेकडे, सैन्यदलाकडे जातात म्हणून हळहळणाऱ्यांनी निदान एवढे तरी मनात आणू नये.

मुकुट घालणारे एक आणि खेळाडूला पोसणारे दुसरे, अशी ही वाटणी होती. त्यात राज्य सरकारची जागा खेळाडूच्या गावाची आहे, हे आपण लक्षात घ्यावे. पानांच्या जागी आपल्याकडे शाल, श्रीफळ आणि ॲक्रिलिकचे स्मृतिचिन्ह आहेच. त्याची टंचाई कधीच पडली नाही. कुस्तीगीर खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणले. १९८४ साली ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्नील कुसळेंना पदक मिळाल्यावर राज्याने एक कोटी रुपये जाहीर केले. चांगलेच झाले. पण ऑलिंपिकचे पदक टीव्हीवर दिसते. शालेय स्पर्धांतली पदके कुणाला दिसत नाहीत.

माझ्या एका विद्यार्थिनीने राष्ट्रीय शालेय स्पर्धेत पदक मिळवले. रकमेसाठी आधी पासबुकाची झेरॉक्स मागितली, मग प्रमाणपत्राची पडताळणी, मग पुन्हा पासबुकाची झेरॉक्स, कारण पहिली फिकट आली होती. पैसे जमा झाले तेव्हा ती खेळ सोडून कापडाच्या दुकानात कामाला लागली होती. मालकाने सुट्टी दिली नाही म्हणून बँकेत तिचे वडील गेले.

तेव्हा मागणी साधी आहे. बक्षीस जाहीर करताना रकमेबरोबर ती खात्यात जमा होण्याची तारीखही व्यासपीठावरूनच जाहीर करावी, आणि ती चुकली तर कुणाच्या टेबलावर चुकली हेही कळवावे. कागदपत्रे एकदाच घ्यावीत, तीही समारंभाच्या आधी. वृद्ध मल्लांचे मानधन निवृत्तिवेतनासारखे महिन्याच्या ठरल्या दिवशी द्यावे. हयातीच्या दाखल्यासाठी ज्यांना जिने चढवत नाहीत, त्यांच्या घरी माणूस पाठवावा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक