पोराला कड्यावरून फेकणारा बाप कागदी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेममधल्या खलनायकांवरचा लेख वाचला. 'टेकन' या मारामारीच्या गेममधल्या हेइहाची मिशिमाला लेखकाने चार ओळींत निकालात काढलं आहे. म्हणे स्वार्थी, कागदी, आणि सातव्या भागात त्याच्या दुष्टपणाला मागाहून ठिगळ लावलेलं. मला हे पटलं नाही. मी कृषी केंद्रावर बसून बियाण्या-खतांची बिलं लिहिणारा माणूस, पत्रं लिहायची सवय नाही. पण या म्हाताऱ्याची न् माझी ओळख जवळपास पंचवीस वर्षांची आहे.

तेव्हा दारव्ह्याला बसस्टँडच्या मागे एक गेम पार्लर होतं. टिनाची खोली, दोन टीव्ही, दोन रुपयांत एक मॅच. लाइन गेली की पैसे बुडाले. एडी नावाचा गडी घेऊन नुसती बटनं कुटणाऱ्याला शिव्या पडायच्या. हेइहाचीचं नाव तिथं कोणाच्या तोंडी बसलं नव्हतं, तो आमचा 'बुढ्ढा'. मधे टक्कल, दोन्ही बाजूंनी शिंगांसारखे उभे केस. 'टेकन थ्री'त तो सुरुवातीला मिळायचाही नाही, दुसरे गडी घेऊन गेम वारंवार संपवला की मगच उघडायचा. त्यातल्या जिनची गोष्ट मला लागायची, कारण तो पंधराव्या वर्षी आजोबाच्या, म्हणजे हेइहाचीच्या, आसऱ्याला येतो आणि मीही तेव्हा तेवढाच होतो. आजोबा त्याला लढायला शिकवतो. नातू राक्षसाला हरवतो, तर हा शाबासकी द्यायची सोडून त्याच्यावर गोळ्या झाडतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मागून एक पोट्टा बोलला, "अबे, हा त आजा हाय ना त्याचा?"

आता मूळ मुद्दा. हेइहाचीचा लेक आणि जिनचा बाप काझुया पाच वर्षांचा असताना हेइहाची त्याला कड्यावरून फेकतो. माझा असशील तर चढून वर येशील, असा हिशेब. पोरगा येतो, छातीवर आयुष्यभराचा व्रण घेऊन. मग बाप काय करतो? ली चाओलान नावाचा परका पोरगा दत्तक घेऊन काझुयाच्या समोर उभा करतो, दोघांत चुरस लागावी म्हणून. पुरवणीतल्या लेखात लीचा उल्लेखच नाही. मला तर तोच लिखाणाचा सगळ्यात पक्का टाका वाटतो. कड्यावरून फेकणारे बाप कमी असतील. पण "पाय त्या अमक्याच्या पोराकडे" म्हणणारे आमच्या गल्लीत दर दोन घरांआड सापडतील. आणि २००४ च्या पाचव्या भागात कळतं की यानं स्वतःच्या बापालाही, जिनपाचीला, तळघरात कोंडलं होतं. म्हणजे बाप खाली, लेक कड्याखाली आणि सातबारा एकट्याच्या नावावर. इस्टेटीला 'मिशिमा झाइबात्सु' म्हटलं काय न् बारा एकर कापसाचं वावर म्हटलं काय, फरक थोडाच.

ठिगळाबद्दल. सातवा भाग कन्सोलवर २०१७ ला आला. त्यात उघड होतं की हेइहाचीच्या बायकोत, काझुमीत, सैतानी अंश होता. ती त्याच्या जिवावर उठली आणि त्याच्या हातून मेली. तोच अंश पोरात आहे का, हे बघायला त्यानं काझुयाला फेकलं. लेखक म्हणतात, ही सारवासारव आहे. आहेच. पण कोण करतं सारवासारव? ही हकिगत हेइहाची स्वतः सांगतो, एका पत्रकाराला समोर बसवून, शेवटच्या लढाईआधी. पाच वर्षांच्या पोराची आई गेली, त्याचं काय झालं असेल, हा विचार त्याच्या सांगण्यात कुठंच नाही. पोरगं तिथं तपासायची वस्तू आहे, जसं आम्ही मूठभर बियाणं ओल्या पोत्यात घालून उगवण पाहतो.

असं सांगणं मी घरात ऐकलं आहे. मी आठ वर्षांचा असताना वडिलांनी विहिरीवर माझ्या पाठीला तरंगायला बांधलेला तेलाचा रिकामा डबा सोडून घेतला आणि मला ढकललं. आजही कुठल्याही लग्नात चार माणसं जमली की ते सांगतात, "म्या फेकलं म्हून पोहणं शिकला." मी दुसऱ्यांदा खाली गेलो तेव्हा अंगच्या कपड्यांनिशी उडी मारणारा आमचा सालदार त्या गोष्टीत कधीच येत नाही. त्यानं माझे केस धरले होते. ती ओढ मला अजून आठवते. वडील खोटं बोलत नाहीत, हीच गंमत आहे. त्यांच्या डोळ्यासमोर तेवढंच आहे.

बिघडलं कुठं, तेही सांगतो. पाचव्या भागातल्या हेइहाचीच्या शेवटात तो बाप, लेक, नातू तिघांना रॉकेटला बांधून उडवतो. आम्ही पोट धरून हसलो होतो, पण तिथं तो माणूस राहत नाही, सर्कस होते. आणि सातव्या भागात काझुयानं त्याला उकळत्या लाव्हात टाकल्यावर २०२४ ला आठव्या भागात पैसे घेऊन परत विकायला काढलं, हे लेखकाचं काम नव्हे, दुकानदाराचं. मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून ओळखतो.

या दिवाळीत पुतण्यानं अमरावतीहून लॅपटॉप आणला होता. ओसरीत सातवा भाग लावला. वडील बाजेवर सुपारी कातरत होते. कड्यावरचा प्रसंग आला तशी त्यांनी अडकित्ता थांबवून मान वर केली. "कोन फेकते त्या लेकराले?" पुतण्या म्हणाला, बाप फेकतो. "मंग वर आला का?" आला, म्हटलं. "मंग झालं," म्हणाले, आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

आपला,
एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ