अकरावीच्या गणिताला पहिले तीन आठवडे द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेला गणित शिकवतो. पावसाळ्यात कृष्णा वाढू लागली की इथले शाळकरी मूलही दोन प्रश्न वेगवेगळे विचारते : आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, आणि तासाला किती इंच चढते आहे? ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी घरोघरी पाठ आहे. पण पाणी ३८ फुटांवर असताना सामान माळ्यावर चढवायचे की नाही, हे चढण्याचा वेग पाहून ठरते. २०१९ चा पूर पाहिलेल्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. अकरावीच्या गणितातले विकलन म्हणजे हाच वेग काढणे, अगदी त्या क्षणाचा; मिळणाऱ्या वेगाला इंग्रजीत ‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणतात.

तरीही अकरावीत ‘डेरिव्हेटिव्ह’ फळ्यावर आले की हीच मुले गप्प होतात. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाने चल, सहगुणक, विवेचक हे शब्द दोन वर्षे वापरलेले असतात. जूनमध्ये पुस्तक, शिकवणे आणि प्रश्नपत्रिका एकदम इंग्रजीत जातात आणि येत असलेले गणितही त्याला परके वाटू लागते. (सेमी-इंग्रजीच्या मुलांची ही अडचण कमी असते, दुसरी मात्र तीच.)

दुसरी अडचण बीजगणिताची आहे. क्ष तासांत पाणी क्षच्या वर्गाइतके इंच चढते असे धरू. पुढच्या ‘ह’ एवढ्या वेळातला सरासरी वेग काढताना (क्ष + ह) चा वर्ग नीट उलगडला, तर क्षचा वर्ग वजा होऊन ‘ह’ ने भागल्यावर २क्ष + ह उरतात, आणि ‘ह’ शून्याकडे नेला की वेग २क्ष मिळतो. अनेक मुले मधले २क्षह हे पद विसरतात. मग उत्तर नुसते ‘ह’ येते, त्याची सीमा (‘ह’ शून्याकडे नेल्यावरचे मूल्य) शून्य होते आणि चढते पाणी कागदावर स्थिर होते. ही चूक कलनाची (कॅल्क्युलसची) नाही, नववीपूर्वीच शिकलेल्या विस्तारसूत्राची आहे. पण मुलाला वाटते की आपल्याला कॅल्क्युलस जमणार नाही, आणि तो गणित सोडून देतो. हे मी दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी मला त्याचा त्रास होतो.

म्हणून विनंती आहे की अकरावीचे पहिले तीन आठवडे अधिकृतपणे बीजगणिताच्या उजळणीला द्यावेत, ती मराठी आणि इंग्रजी शब्द शेजारी ठेवून व्हावी, आणि पाठ्यपुस्तकाच्या शेवटी तशी शब्दसूची छापावी. ग्रहांच्या ‘तात्कालिक’, म्हणजे त्या क्षणाच्या, गतीचा विचार भास्कराचार्यांनी १२ व्या शतकात केला होता. तो शब्द आपल्या मुलांना आधीच कळतो, त्याचा आधार घ्यावा. एवढ्या तासिका आज वेळापत्रकात नाहीत, त्यामुळे एकट्या शिक्षकाला हे परवडत नाही. त्यासाठी आपल्या विभागाचा आदेशच हवा. उजळणीच्या उदाहरणांचा मसुदा उन्हाळी सुट्टीत बसून तयार करण्यास मी तयार आहे. आदेश जूनपूर्वी निघावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
गणिताचा एक शिक्षक, सांगली