लॉराचा रेडिओ

प्रिय अन्या,

परवा फोनवर तू तावातावाने म्हणालास की 'ब्रीफ एन्काउंटर'चं संगीत म्हणजे आयता माल, गाजलेली रचना उचलली आणि चिकटवली. तेव्हा मी गप्प बसलो, कारण फोनवरच्या वादात तू मला बोलूच देत नाहीस. पत्रात तरी देशील.

उसनं आहे, कबूल. डेव्हिड लीनचा चित्रपट १९४५चा आणि रशियन संगीतकार राखमानिनोव्हचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, १९००-०१चा. पण गोष्टीत तो शिरतो कुठून, ते आठव. लॉरा घरी बसली आहे, समोर नवरा फ्रेड शब्दकोड्यात गुंग. कवितेतला एक गाळलेला शब्द तो तिला विचारतो, ती 'रोमान्स' सांगते. फ्रेड खूश, कारण तो 'डिलिरियम' आणि 'बलुचिस्तान'शी जुळतो! (या बलुचिस्तानावर मला दर वेळी हसू येतं.) मग ती रेडिओ लावते आणि हा कॉन्चेर्टो लागतो. ज्याच्या प्रेमात ती पडली त्या अ‍ॅलेकबद्दल जे नवऱ्याला कधीच सांगता येणार नाही, ते ती त्या सुरांच्या आडोशाने मनातल्या मनात त्यालाच सांगत राहते. म्हणजे हे संगीत दिग्दर्शकाने वरून ओतलेलं नाही, ते तिच्या दिवाणखान्यात वाजतंय. आणि मध्येच फ्रेड म्हणतो, आवाज जरा कमी करतेस का? बिचाऱ्याचा काही दोष नाही. पण त्या एका वाक्यात तिचा संसार जेवढा कळतो, तेवढा नव्याने रचलेल्या कुठल्या पार्श्वसंगीतातून कळला असता?

आता रचना ऐक. सुरुवातीला पियानो एकटाच, खोल घंटेसारखे ठोके, दबक्या आवाजापासून चढत जाणारे. मग मुख्य धून येते ती व्हायोलिनं आणि त्यांच्या जोडीच्या वाद्यांकडे, आणि पियानो तिच्याखाली नुसता उसळत राहतो. ज्याच्या नावाचा कॉन्चेर्टो, त्यालाच मनातलं थेट म्हणायला मिळत नाही. लॉराला याहून जवळचं काय असणार? पहिली सिंफनी १८९७ मध्ये सपशेल पडल्यावर राखमानिनोव्ह खचला होता. डॉक्टर निकोलाय डाल यांच्या संमोहन उपचारांनंतर तो पुन्हा लिहिता झाला आणि ही रचना त्याने त्यांनाच अर्पण केली. चित्रपटात पियानो आयलीन जॉइसचा आहे, ऑर्केस्ट्रा म्युर मॅथिसनच्या हाताखाली.

आणखी एक. चहाच्या ठिकाणी वाजवणाऱ्या बायकांमधली ती चेलोवाली आठवते? तीच पुढे सिनेमागृहात ऑर्गन वाजवताना दिसते आणि लॉरा-अ‍ॅलेक खो खो हसतात. जगातलं संगीत असं बेसूर, विनोदी. राखमानिनोव्ह फक्त लॉराच्या रेडिओवर आणि तिच्या डोक्यात. म्हणूनच शेवटच्या भेटीत, लॉराची ओळखीची डॉली मध्येच येऊन बडबडत असताना अ‍ॅलेक लॉराच्या खांद्यावर हात ठेवून निघून जातो, तेव्हा पियानो मध्ये पडत नाही. आपल्याकडे तिथे बारा व्हायोलिनं रडली असती, तुझ्या लाडक्या संगीतकारांचीसुद्धा!

तुझ्याकडे राखमानिनोव्हने स्वतः ऑर्केस्ट्रा-संचालक स्टोकोव्स्कीबरोबर वाजवलेलं १९२९चं ध्वनिमुद्रण आहे ना? ते पाठव. तो आपलीच रचना किती कोरडेपणाने वाजवतो म्हणे, मला ऐकायचंय. आणि उत्तर पत्रानेच दे, फोन करू नकोस.

तुझा,
सुधीर