सालीची वाईन आणि आपली थॉमसन

संपादक महोदय,

बेदाण्याचा भाव पडला की कुणीतरी हमखास म्हणतं, 'मग वाईन करा की!' राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आलं, पुढं पलूसला वाईन पार्क झालं, तेव्हापासून आम्ही बागायतदार हे ऐकतोय.

पुतणी जॉर्जियात तिबिलिसीला एमबीबीएस करते. सुट्टीला येताना तिनं तिथली 'ऑरेंज वाईन' आणली. तिच्यात संत्रं नसतं. र्‍कात्सितेली नावाचं पांढरं द्राक्ष असतं. एरवी पांढऱ्या वाईनला रस पिळून लगेच वेगळा काढतात. इथं मात्र साल आणि बिया रसातच राहू देतात, तेही जमिनीत पुरलेल्या मातीच्या भल्यामोठ्या रांजणात, कित्येक महिने. या रांजणाला क्वेव्री म्हणतात, आणि ही रीत युनेस्कोनं २०१३ मध्ये वारसा यादीत घेतली. तांबूस केशरी रंग येतो तो सालीतून.

माळकरी मंडळींनी माफ करावं, पण मी चाखली. फ्रिजमधून काढल्या काढल्या नुसती तुरट. हिरड्या आवळून धरते. अर्ध्या तासानं गारठा उतरला आणि वास सुटला, शेडमध्ये रॅकवर सुकत आलेल्या बेदाण्यासारखा, गंधकाची धुरी द्यायच्या आधीचा. सुक्या मटणाबरोबर तर तो तुरटपणा हवाहवासा वाटला. घरच्यांनी मात्र एका घोटात ग्लास खाली ठेवला.

चाखताना डोक्यात आपलीच बाग होती. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही सगळी खायची द्राक्षं. बी नको, साल दाताला लागायला नको, जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या) द्रावणात घड बुडवून मणी फुगला पाहिजे. वाईनच्या द्राक्षाचं सगळं उलटं: मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारात न खपलेल्या थॉमसनमधून ही चव निघायची नाही. शिवाय साल महिनोन्‌महिने रसात राहणार म्हणजे सालीवर जे असेल ते उतरणार. डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी आपण काय काय मारतो, हे पाटीलकी न करता आपसांत तरी मान्य करू. अशी वाईन करायची तर जात वेगळी आणि फवारणीचं वेळापत्रकही वेगळं लागेल, म्हणजे विचार छाटणीआधीच व्हायला हवा.

आमच्या शेजारच्या गावात एकानं वाईनची जात लावली होती. दर तोंडी ठरलेला. माल तयार झाल्यावर घेणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. बारीक, बियांचा माल मंडईत कोण घेणार? त्यानं बाग काढून ऊस केला.

तेव्हा आपल्या कृषी पानावर असा सल्ला छापण्याआधी सल्ला देणाऱ्याला एवढं जरूर विचारा: कुठली जात, घेणार कोण, आणि दर कागदावर आहे का?

– एक द्राक्ष बागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली